बैठक न भरवता वाचक गट: वाचनालयातल्या फिरत्या पुस्तकांची पद्धत

वाचक गटाच्या पहिल्या बैठकीला पंधरा जण येतात, तिसरीला सहा आणि पाचवीची तारीखच ठरत नाही. कोणाची शिफ्ट बदलते, कोणाच्या मुलांची परीक्षा असते, कोणाला घरी पोचायलाच साडेनऊ होतात. वाचायची इच्छा सगळ्यांना असते, फक्त एका वेळी एका खोलीत जमणं होत नाही. अशा वाचकांसाठी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या आधाराने चालणारी पद्धत इथे दिली आहे. यात बैठक नाही. पुस्तक फिरतं, त्याच्याबरोबर एक वही फिरते आणि चर्चा त्या वहीत होते.

मांडणी अशी: १० वाचक, १३ पुस्तकं, प्रत्येकाची एकच प्रत, प्रत्येक पुस्तकाला एक वही आणि वाचायला २१ दिवस.

पायरी १: आधी ग्रंथपालांशी बोला

आधी वाचक गोळा करून मग वाचनालयात जाऊ नका. वाचनालयाचं नक्की झाल्याशिवाय वाचकांना सांगण्यासारखं काही नसतं. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांतली वाचनालयं गावोगाव आहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी (स्थापना १८९३) मोठी आहेत, तशी दोन खोल्यांची छोटीही. ही पद्धत दोन्हीकडे चालते, पण छोट्या वाचनालयात लवकर रुजते, कारण देवघेवीच्या टेबलावर बसणारी व्यक्ती तिथे बहुतेक वाचकांना चेहऱ्याने ओळखते आणि “ताई, तुमच्या गटाचं पुस्तक आलंय” असं आपणहून सांगते.

ग्रंथपालांकडे मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत. काउंटरजवळ एक कप्पा हवा. एका वेळी त्यात तीन-चारच पुस्तकं असतील, त्यामुळे दीड फूट जागा पुरते. या पुस्तकांना नेहमीच्या मुदतीऐवजी २१ दिवसांची मुदत हवी. नियमात ते बसत नसेल तर फोनवरून एकदा मुदतवाढ मिळाली तरी चालतं. तिसरी मागणी परतीची. पुष्कळ वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि नेमकी आपल्या वेळेला बंद. म्हणून दारातल्या कुलूपबंद पेटीत पुस्तक टाकता यावं, किंवा घरातल्या कोणीही ते परत केलेलं चालावं.

सगळी पुस्तकं संयोजकाच्या नावावर काढून घेऊ नका. सुरुवातीला ते सोपं वाटतं, पण पहिलं पुस्तक हरवलं की भुर्दंड एकट्यावर पडतो आणि गटात कटुता येते. प्रत्येक वाचक वाचनालयाचा सभासद हवा, त्याची वर्गणी आणि अनामत भरलेली हवी आणि पुस्तक त्याच्याच खात्यावर गेलं पाहिजे. देवघेवीची नोंद नेहमीसारखीच होते, त्यामुळे वाचनालयाचं काम वाढत नाही आणि वर्षाच्या अहवालात देवघेवीचा आकडा वाढलेला दिसतो.

कार्यकारी मंडळात कोणी शंका काढली तर रंगनाथन यांच्या सूत्रांची आठवण द्या. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्यांनी १९३१ मध्ये मांडली. त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. चौथं, वाचकाचा वेळ वाचवावा. ही योजना त्या दोन सूत्रांवरच उभी आहे, आणि ग्रंथपालांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

पायरी २: तारीखपट्टी बघून पुस्तकं निवडा

निवडीचं काम कपाटापाशी उभं राहून करा. पुस्तक उघडा आणि तारीखपट्टी बघा. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना असेल तर पुस्तक यादीत घ्यायला हरकत नाही. ज्याच्यावर दर महिन्याला शिक्के पडताहेत ते घेऊ नका. गटाने ते वर्षभर अडवलं तर इतर सभासद तक्रार करतील आणि ती तक्रार रास्त असेल. संगणकीकृत वाचनालयात तारीखपट्टी नसते, तिथे दोन वर्षांत बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढून मागा. चांगली, पण विसरली गेलेली पुस्तकं अशा यादीत हमखास सापडतात.

लांबी १२० ते २२० पानं. दिवसाला दहा पानं वाचली तर २१ दिवसांत २१० होतात. दहा पानांना साध्या गद्यात पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ लोकलमध्ये, एसटीत किंवा कुकरच्या शिट्या होईपर्यंत निघतो. चारशे पानांची कादंबरी कितीही सुंदर असली तरी या योजनेत घेऊ नका. निम्मे वाचक ती अर्धवट परत करतील आणि पुढच्या वेळी कप्प्यापाशी यायला संकोचतील.

तेरांची वाटणी साधारण अशी ठेवता येईल: तीन लघुकादंबऱ्या, दोन आत्मकथनं, दोन कथासंग्रह, दोन नाटकं आणि प्रवासवर्णन, ललित, विज्ञान किंवा इतिहास, अनुवाद यांतलं प्रत्येकी एक. नाटकं आवर्जून घ्या. मराठीत छापील नाटकांचा साठा मोठा आहे, वाचनालयातून ती फार कमी जातात आणि वेळ नसलेल्या माणसासाठी त्यांच्याइतका सोयीचा प्रकार नाही: दोन संध्याकाळी आणि पुस्तक संपलं. कथासंग्रहाला एक वेगळा नियम लावा. सगळ्या कथांची सक्ती नाही, पण पहिली, शेवटची आणि मधली कोणतीही एक प्रत्येकाने वाचायची. मग किमान दोन कथा सगळ्यांच्या सामाईक राहतात आणि वहीत बोलायला विषय मिळतो.

शेवटी प्रत तपासा. पान उलटताना कड तुटत असेल, शिवण सुटली असेल किंवा टाइप इतका बारीक असेल की चाळिशी लावलेल्याला दिव्याजवळ जावं लागेल, तर दुसरं पुस्तक बघा. पुन्हा छापून न आलेल्या पुस्तकाची एकमेव प्रत आणि संदर्भ विभागातलं पुस्तक फिरवू नका. ते हरवलं तर पैसे भरूनही परत आणता येत नाही.

पायरी ३: दहाला तेरा का?

मराठी वाचनालयात एका पुस्तकाच्या दहा प्रती क्वचितच असतात. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं म्हटलं की कोणीतरी विकत घेतं, कोणी वाट बघतं आणि कोणी पीडीएफ मागतं. त्यापेक्षा वेगवेगळी पुस्तकं फिरवावीत.

दहा वाचकांना दहाच पुस्तकं ठेवली तर एकाने उशीर केला की दुसरा रिकाम्या हाताने परत जातो. दोनदा असं झालं की तो तिसऱ्यांदा येत नाही. तीन पुस्तकं जास्त ठेवल्याने दहाच्या दहा वाचकांकडे पुस्तक असतानाही कप्प्यात तीन उरतात आणि कोणाचा उशीर कोणाला भोवत नाही. याच कारणासाठी पुस्तक वाचकाने परस्पर पुढच्या वाचकाला देऊ नये. ते नेहमी कप्प्यात यावं. घरोघरी साखळी केली की ती एका आजारपणात किंवा एका बदलीत तुटते, शिवाय पुस्तक कोणाच्या खात्यावर आहे याचा घोळ होतो.

कप्प्याच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवा: उभ्या रांगेत दहा नावं, आडव्या रांगेत तेरा पुस्तकांचे क्रमांक. पुस्तक परत करताना वाचकाने आपल्या चौकोनात तारीख लिहायची. पहिले सहा-सात महिने हा तक्ता निव्वळ नोंदीसाठी असतो. पुढे मात्र अडचण येते: ज्याने नऊ पुस्तकं वाचली त्याची चार उरलेली असतात आणि कप्प्यातली तिन्ही नेमकी वाचून झालेली निघतात. तिथून संयोजकाने तक्ता बघून “क्रमांक ६ परत आलं की तुमच्यासाठी ठेवतो” असं सांगायला सुरुवात करावी. सगळ्यांनी सगळी तेरा वाचलीच पाहिजेत असा हट्ट धरू नये. वर्षाला दहा हे लक्ष्य पुरे. दहा पुस्तकांचे २१० दिवस होतात. उरलेले १५५ दिवस उशीर, आजारपण, परीक्षा, लग्नसराई आणि दिवाळी यांत जाणार हे आधीच धरून चालावं.

पायरी ४: वही

सगळी योजना या वहीवर तगते, म्हणून तिच्यात घाई नको.

वही साधारण ४० पानांची, पुस्तकाहून आकाराने लहान आणि दोऱ्याने शिवलेली घ्या. पिनांची वही पावसाळ्यात गंजाचे डाग सोडते, कोकणात तर पहिल्याच श्रावणात. वही पुस्तकात चिकटवू नका, पानांत घालूनही ठेवू नका; जाड वहीच्या दाबाने पुस्तकाची पाठ उकलते. दोन्ही एका कापडी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर पुस्तकाचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा. आत एक साधं बॉलपेन असू द्या. जेलची शाई ओल लागली की पसरते. पावसात पिशवीभोवती प्लॅस्टिक चालेल, पण घरी पोचल्यावर ते काढायला सांगा. दमट पुस्तक प्लॅस्टिकमध्ये राहिलं की बुरशी धरतं.

वही दोन्ही बाजूंनी वापरायची. पुढून लिहायचं ते अजून पुस्तक न वाचलेल्यांनीही वाचायला हरकत नाही असं. वही उलटी करून मागून लिहायचं ते शेवट माहीत असलेल्यांसाठी. मागच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहा: “पुस्तक संपल्यावरच उघडा.” पुढून प्रत्येकाला दोन पानं, मागून एक. दहा वाचकांची तीस पानं होतात, दहा मोकळी राहतात.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: नाव किंवा टोपणनाव, तारखा, किती पानं वाचली, जिथे थांबावंसं वाटलं अशी एक जागा पान क्रमांकासह, आणि पुढच्या वाचकांसाठी एक प्रश्न. यानंतर एक सक्तीची ओळ असते: आधीच्या एका तरी वाचकाच्या प्रश्नाला उत्तर. ही ओळ काढून टाकली की वही अभिप्रायांची होते. दहा जण दहा मतं लिहितात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. उत्तर द्यायचं असलं की मागची पानं लक्ष देऊन वाचावी लागतात.

समजा पुस्तक एका कुटुंबावरची लघुकादंबरी आहे. नोंद अशी दिसेल:

“निळी छत्री. १२ ते २९ जून. १६४ पैकी १६४ पानं. थोरला भाऊ पत्र न उघडता फडताळावर ठेवतो तिथे थांबले (पान ५८). प्रश्न: पत्रात काय आहे ते त्याला आधीच कळलं होतं का? ‘शेवटचा डबा’ यांनी विचारलंय की आजी एवढी गप्प का. मला ती भ्यायलेली वाटली नाही. पान ३१ वर ती एकदा बोललीये, तेव्हा घरात काय झालं ते बघा.”

एवढ्या नोंदीला दहा मिनिटं लागतात. यात कौतुक नाही, सारांश नाही, आणि पुढच्या वाचकाला पान ३१ पुन्हा उघडावंसं वाटतं.

पहिली नोंद नेहमी संयोजकाने करावी. कोऱ्या वहीपुढे माणूस बिचकतो आणि पहिल्याने जसं लिहिलं तसंच पुढचे लिहितात. पहिल्याने “खूप छान, सर्वांनी जरूर वाचावे” असं लिहिलं तर खाली तशा नऊ ओळी येतील. “पुस्तक कसं वाटलं?” हा प्रश्न म्हणूनच टाळा. चांगला प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या जागेला चिकटलेला असतो. नाटकाला: दुसऱ्या अंकातलं कोणतं वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं की त्याचा अर्थ बदलतो? अनुवादाला: कोणतं वाक्य मराठीत अडखळलं आणि तुम्ही ते कसं लिहिलं असतं? आत्मकथनाला: लेखकाने कोणता काळ दोन ओळींत उरकला आहे?

पुस्तक अर्धवट सोडलं तरी नोंद करायचीच. “१७० पैकी ६४ पानं, इथे सोडलं, कारण…” ही नोंद फार मोलाची असते. पुढचा वाचक ६४ व्या पानाशी आला की त्याला ती आठवतेच, आणि कधी कधी तोच तिला सर्वांत मोठं उत्तर लिहितो.

पायरी ५: उत्तर पहिल्या वाचकापर्यंत पोचवा

या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष हा की पहिल्या वाचकाने प्रश्न लिहून पुस्तक परत केलं की पुढे काय उत्तरं आली ते त्याला कधीच कळत नाही. दोन-तीन पुस्तकांत असं झालं की लोक प्रश्न लिहिणं सोडतात. योजना बंद पडते ती बहुतेक इथेच.

उपाय फोटोचा आहे. पुस्तक परत करण्याआधी वाचकाने आपल्या नोंदीचे फोटो काढून संयोजकाला पाठवायचे. पुढच्या पानांचा फोटो संयोजक सगळ्या गटाला पाठवतो. मागच्या पानाचा फोटो फक्त त्यांनाच, ज्यांच्या चौकोनात त्या पुस्तकाची तारीख आहे. तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये असला की कोणाला पाठवायचं ते लगेच दिसतं. कोणाच्या प्रश्नाला उत्तर आलं असेल तर त्या व्यक्तीला वेगळी ओळ लिहा: “तुमच्या आजीच्या प्रश्नाला उत्तर आलंय.” मार्चमधल्या प्रश्नाला ऑगस्टमध्ये आलेलं उत्तर लोक जितक्या आवडीने वाचतात, तितकं बैठकीतलं लगेचचं उत्तरही क्वचित ऐकतात.

ज्यांना हाताने लिहायला जमत नाही त्यांच्याकडून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज घ्या आणि संयोजकाने किंवा घरातल्या कोणी तो वहीत उतरवावा. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनाही गटात घ्या, फक्त त्यांनी पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहावं.

पायरी ६: व्हॉट्सॲप आवरा

गटावर संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. हे कठोर वाटतं, पण सुप्रभातचे संदेश सुरू झाले की लोक गट म्यूट करतात आणि मग पुस्तक आल्याचा निरोपही वाचला जात नाही. अनोळखी लोकांना आपला नंबर दिसू नये असं काहींना, विशेषतः महिलांना, वाटतं. त्यासाठी कम्युनिटी उघडा. तिच्या घोषणा गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात.

आठवड्याला एक संदेश पुरतो, शक्यतो ठरलेल्या वारी: “कप्प्यात आत्ता क्र. ४ (नाटक), क्र. ९ (आत्मकथन), क्र. ११ (कथा). या आठवड्यात मुदत संपते: क्र. २, क्र. ७. क्र. ४ च्या वहीत दोन नवे प्रश्न.” मुदतीच्या संदेशात वाचकाचं नाव घालू नका, पुस्तकाचा क्रमांक घाला. ज्याच्याकडे आहे त्याला कळतं आणि चारचौघांत कोणाचा पाणउतारा होत नाही.

पीडीएफचा विषय निघेलच, तेव्हा स्पष्ट सांगा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे, ते मोबाइलवर वाचा. आजच्या लेखकाचं स्कॅन केलेलं पुस्तक गटावर टाकू नका, कोणी टाकलं तर काढा. वहीतल्या नोंदींचे फोटो ही आपली मजकुराची देवघेव आहे, पुस्तकाच्या पानांचे फोटो नव्हेत.

काय बिघडतं

पुस्तक अडकतं. एकविसाव्या दिवशी आठवण, अठ्ठाविसाव्या दिवशी फोन, आणि पस्तिसाव्या दिवसानंतर वाचनालयाचा नेहमीचा दंड. संयोजकाने स्वतः दंड ठरवू नये.

वहीत वैयक्तिक शेरे येतात. “अमक्याला हे पुस्तक कळलेलंच नाही” अशी ओळ आली तर पान फाडू नका, फाटलेलं पान जास्त बोलतं. लिहिणाऱ्याला फोन करून तीच गोष्ट पुस्तकाबद्दल लिहायला सांगा. जात, पक्ष आणि शेजारपाजारच्या गोष्टी वहीत नकोत हे सुरुवातीलाच पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.

काही जण चार-चार पानं लिहितात. त्यांचा उत्साह मोडू नका, पण जागेची मर्यादा पाळायला सांगा, नाहीतर आठव्या वाचकाला जागा उरत नाही आणि लांब नोंद बघून पुढचा माणूस लिहायलाच कचरतो.

गळती होते. दहांतले दोन-तीन जण सहा महिन्यांत थांबतात. त्यांच्या जागी लगेच नवीन घेऊ नका. सहापर्यंत उतरलं तरी गट चालतो, उलट कप्प्यात निवड वाढते. सहाच्या खाली गेलं तर मात्र वह्या ओक्याबोक्या दिसतात, तेव्हा दोन नवे घ्या आणि त्यांना जास्तीत जास्त नोंदी असलेली पुस्तकं आधी द्या.

दिवाळीतली फेरी

‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकांची सुरुवात केली तेव्हापासून मराठी वाचकाची दिवाळी अंकांशिवाय होत नाही, आणि कित्येक वाचनालयं वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात. त्या काळात पुस्तकं बाजूला ठेवा. अंकांची मुदत दोन-चार दिवसांचीच असते, त्यात वही फिरवणं जमणार नाही. एकच वही कप्प्यात ठेवा आणि प्रत्येकाने एका अंकातल्या एकाच लेखाचं किंवा कथेचं नाव, पान क्रमांक आणि दोन ओळी लिहाव्यात. वेळ नसलेला माणूस मग सगळे अंक चाळत बसत नाही, वही बघून थेट त्या पानावर जातो.

वर्ष संपल्यावर

तेराही वह्या कप्प्यात जमा करा आणि आठवडाभर काउंटरवर उघड्या ठेवा. मागून लिहिलेली पानं आता सगळ्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त वह्यांत फोन नंबर किंवा पत्ते राहिलेले नाहीत ना ते आधी बघा. मग प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून ग्रंथपालांकडे द्या. पुस्तक कपाटात परत जातं तेव्हा त्याच्या आतल्या पानावर छोटी चिठ्ठी लावता येते: “या पुस्तकाची वही काउंटरवर मागा.” गटाबाहेरच्या सभासदालाही मग ती मिळते.

नव्या वर्षाची तेरा पुस्तकं निवडताना जुन्या तक्त्याकडे बघा. ज्या रकान्यात सर्वांत कमी तारखा आहेत त्या प्रकारचं एक पुस्तक कमी करा, आणि ज्याच्या वहीत सर्वांत जास्त उत्तरं आहेत त्या प्रकारचं एक वाढवा. संयोजक बदला. नव्या संयोजकाला तक्ता, किल्ली आणि ॲडमिनचा अधिकार एकाच दिवशी द्या, म्हणजे मधल्या काळात पुस्तकं कोणाच्या भरवशावर आहेत असा प्रश्न पडत नाही.